ऑगस्टची फी, जानेवारीचा ऊस

एका मुलाने विचारलंय, ते थोडक्यात असं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होतंय. कॉलेज खासगी विनाअनुदानित, प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. वर्षाची फी ९२ हजार आणि कॉलेज ती ऑगस्टमध्ये मागतं. घरी तीन एकर ऊस आणि दोन म्हशी. उसाचे पैसे जानेवारी उजाडल्याशिवाय हातात येत नाहीत. पहिल्या वर्षी फी उशिरा भरली म्हणून १,८०० रुपये विलंब शुल्क बसलं, परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत अडकला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता, पण तो 'परत आला'. आता एका मोबाइल ॲपवर पाच मिनिटांत कर्ज मिळतंय. ते घेऊन या वर्षी फी वेळेवर भरून टाकावी का?

मी २९ वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात काढली. आधी विद्यार्थी विभागात, मग लेखा विभागात, आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे तू ज्या खिडकीबाहेर उभा राहतोस, तिच्या आत मी बसायचे. वयाने मुलासारखा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

ॲपचं शेवटी बोलू. तीन एकर ऊस आणि दोन म्हशी असलेल्या घरात वर्षभरात ९२ हजार येत नाहीत असं नाही. ते ऑगस्टमध्ये नसतात, एवढंच. खिडकीवर मी पाहिलेल्या उशिराच्या दहातल्या सहा-सात केसेस अशाच असायच्या. घरच्या पैशांचं वेळापत्रक एक, कॉलेजचं दुसरं. त्यामुळे तुला दोन कामं करायची आहेत. तुझ्या खिशातून जायची रक्कम खरी किती ते काढायचं, आणि ती कोणत्या तारखांना येईल ते कॉलेजला आधी लिहून द्यायचं.

आधी रक्कम. ९२ हजार हा आकडा तसाच डोक्यात ठेवू नकोस. लेखा विभागात जाऊन फीची फोड माग. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याने ते नेमलंय, आणि मंजूर आकडा लपवून ठेवण्याची गोष्ट नाही. समजा फोड अशी निघाली: शिक्षण शुल्क ८० हजार, विकास शुल्क ८ हजार, बाकी विद्यापीठ, विमा, जिमखाना वगैरे मिळून ४ हजार. शिष्यवृत्ती सहसा शिक्षण शुल्कावरच हिशेबात धरतात. विकास शुल्क तुझ्याच माथी राहतं. ही फोड माहीत नसल्यामुळे 'निम्मी फी माफ' ऐकून आलेले वडील ४६ हजार घेऊन उभे राहायचे, आणि मी ५२ हजार सांगितले की मी काहीतरी खाल्लं असं त्यांना वाटायचं.

आता इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस. खुल्या प्रवर्गातला असशील आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे अजून ईबीसीच म्हणतात, तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलांनाही आपल्यासारख्या कॉलेजांत निम्मंच. अनुसूचित जातीचा असशील आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. घरात बहीण असेल तर तिच्यासाठी हेही लक्षात ठेव: २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यातलं बहुतेक सगळं कॅपमधून आलेल्यांनाच. व्यवस्थापन कोट्यातून आलेला असतास तर हा परिच्छेद तुझ्या कामाचा नव्हता.

तू ईबीसीवाला आहेस असं धरून चालते. मग सरकारचे ४० हजार आणि तुझे ५२ हजार. ही ४० हजारांची रक्कम कॅपच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत. कॉलेजं बहुधा त्याऐवजी हमीपत्र लिहून घेतात. ते हमीपत्र वाच. त्यात एक ओळ असते की शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर ही रक्कम विद्यार्थी भरेल. पहिल्या वर्षीचा तुझा अर्ज परत आला आणि तिथेच थांबला असेल, तर ते ४० हजार आज कोणी मागत नाहीये, पण खतावणीत तुझ्या नावावर उभे आहेत. चौथ्या वर्षी दाखला घ्यायला येशील तेव्हा ते समोर येतील. नोकरी लागलेली, कंपनी कागद मागतेय आणि इथे थकबाकी, अशी रडकुंडीला आलेली मुलं मी दर जूनमध्ये पाहिली.

म्हणून 'परत आला' म्हणजे काय ते नीट बघ. परत आला म्हणजे नामंजूर झाला असं नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग सरकारी खात्याच्या. कागदात खोट दिसली की तो दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे धाडतात. ते कळतं मोबाइलवर. आता गंमत अशी, की अर्ज नेट कॅफेत भरलेला असतो आणि कॅफेवाल्याने घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला असतो! एका वर्षी आमच्याकडे परत आलेल्या अर्जांत एकाच कॅफेचा नंबर अकरा मुलांच्या नावापुढे निघाला. त्याच्या फोनवर मेसेज येऊन पडत होते आणि मुलं आम्हाला विचारत होती की मॅडम, आमचं काय झालं. तुझ्या प्रोफाइलमधला नंबर आज तपास.

चुका बहुधा त्याच त्या असतात. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. कॅपचं वाटपपत्र जोडायचं राहिलेलं. शिक्षण शुल्काच्या रकान्यात सगळी ९२ हजार फी टाकलेली. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून एप्रिल-मेमध्येच काढावा. जुलैत सेतूवर अख्ख्या तालुक्याची मुलं उभी असतात आणि सर्व्हर बसलेला असतो. आत्ता जून आहे, अजून वेळ गेलेली नाही. मागच्या वर्षीचा अर्ज दुरुस्तीला खुला आहे का, तेही विद्यार्थी विभागात विचार. जुने अर्ज अधूनमधून उघडतात, आणि ते कळतं फक्त विचारणाऱ्याला.

बँक खात्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण यात शहाणी माणसंही फसतात. 'माझं खातं आधारशी लिंक आहे' असं प्रत्येक जण सांगतो. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा ज्या एका खात्यात पडतो ते वेगळं. आधारवर येणारा पैसा एकाच खात्यात जातो, ज्याचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारशी नोंद, सगळ्यात शेवटी झालंय त्यात. आमच्याकडे एक मुलगी सात महिने खेटे घालत होती की शिष्यवृत्ती आली नाही. पोर्टलवर मात्र रक्कम जमा दिसत होती. शेवटी माय आधारच्या संकेतस्थळावर तिचं बँक सीडिंग स्टेटस काढलं, तर बँक भलतीच. आठवीत असताना गणवेशाच्या पैशांसाठी शाळेने गावातल्या बँकेत काढलेलं खातं. पासबुक घरी पत्र्याच्या पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली. पैसे सात महिने तिथे पडून होते. ती पासबुक घेऊन आली तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तू तुझं स्टेटस आज रात्री बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक खाच आहे. तिथे केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत कॉलेजला द्यायची असते. घरात कुणी आजारी पडलं, खत आणायचं राहिलं, की ते पैसे जातात. दोष कुणाला द्यायचा? घराला वाटतं शिष्यवृत्ती आली, कॉलेज म्हणतं आमची फी आली. तुला हे लागू नसेल, पण वर्गातल्या कुणाला असेल तर त्याला सांग, की मेसेज आला की आधी कॉलेज, मग घरी फोन.

आता तारखा. ५२ हजार तुझ्या घरात कसे येतात? म्हशीच्या दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. ऊस आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, असेल तर हंगामाच्या सुरुवातीला तुटतो, 'सुरू' लागणीचा, म्हणजे हिवाळ्याअखेर लावलेला, असेल तर तोडीला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. कायद्याने कारखान्याने १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असते. प्रत्यक्षात काय होतं ते तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून तोडीच्या अंदाजात एक महिना वाढवून धर. त्यावरून मी तुझी मांडणी अशी करीन: १५ हजार जुलैअखेर, १२ हजार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, २५ हजार जानेवारीअखेर. ऑक्टोबरचा हप्ता मुद्दाम तिथे ठेवलाय, कारण हिवाळी परीक्षेचे अर्ज त्याच सुमाराला निघतात आणि लेखा विभागाची 'नाहरकत' तेव्हाच लागते. तुझ्या विद्यापीठाच्या तारखा बघून तो आठवडाभर पुढे-मागे कर.

हे तोंडी सांगू नकोस. अर्ज कर, साध्या कागदावर, एवढाच:

'मा. प्राचार्य यांस, मी द्वितीय वर्ष अमुक शाखेचा विद्यार्थी. माझे वडील ऊस उत्पादक शेतकरी असून उसाचे बिल जानेवारीत मिळते. ईबीसी सवलत वजा जाता माझी देय फी ५२,००० रुपये आहे. त्यापैकी १५,००० रुपये आज भरत आहे. उरलेले १२,००० रुपये ७ ऑक्टोबरपर्यंत व २५,००० रुपये ३१ जानेवारीपर्यंत भरण्याची परवानगी मिळावी व विलंब शुल्क लागू नये, ही विनंती. सोबत सातबारा उतारा व कारखान्याच्या ऊस नोंदीची पावती जोडली आहे.'

खाली तुझी सही, वडिलांची सही, वडिलांचा मोबाइल. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घे आणि ती जपून ठेव.

या अर्जाने काम का होतं, ते खिडकीच्या आतून सांगते. ऑगस्टअखेर आम्ही थकबाकीची यादी काढून प्राचार्यांसमोर ठेवायचो. यादीत तीन रकाने: देय, जमा, शेरा. ज्याच्या 'जमा'समोर शून्य आणि शेरा कोरा, त्याचं नाव लाल. ज्याचे १५ हजार जमा आणि शेऱ्यात 'अर्ज क्र. अमुक, पुढील हप्ता ७/१०', त्याच्यावरून प्राचार्यांची नजर सरळ पुढे जायची. तो मुलगा आमच्या लेखी थकबाकीदार नव्हताच. दोघांचीही फी अपुरी, पण एकाचा परीक्षा अर्ज अडला आणि दुसऱ्याचा नाही. संस्थेला ऑगस्टमध्ये पगार करायचे असतात, तिला कोणत्या महिन्यात किती येईल हे हवं असतं. तू तारीख दिलीस की तिचं अर्धं काम झालं. मात्र दिलेली तारीख पाळायची. ऑक्टोबरचा हप्ता चुकला तर जानेवारीवर कोणी विश्वास ठेवत नाही. चुकणारच असेल तर चार दिवस आधी येऊन पाच हजार तरी भरायचे आणि नवी तारीख लिहून द्यायची.

सगळी कॉलेजं ऐकतात असं मी म्हणणार नाही. काही संस्था हप्ते देत नाहीत म्हणजे नाहीत. तिथे लिपिकाशी भांडून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं. विभागप्रमुखांची शिफारस अर्जावर घेऊन प्राचार्यांना भेटायचं, वडिलांना सोबत न्यायचं. मुलगा एकटा आला की 'घरी पैसे दिले असतील, यानेच उडवले' ही शंका येते. वाईट आहे, पण येते.

जुलैचे १५ हजार कुठून आणायचे? गावात आईची भिशी असेल तर या वर्षी नंबर जुलैत मागायला सांग. आमच्याकडे एका मुलाची आई चारही वर्षं ओळखीच्या बायकांच्या भिशीत पोराच्या फीचा महिना धरून नंबर घ्यायची. बाकी बायका तिला 'कॉलेजवाली' म्हणायच्या. नसेल तर दुधाची पुढची चार-पाच बिलं आणि उरलेलं घरातून. पीककर्ज काढून फी भरणारेही मी दरवर्षी पाहिले. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ३० जूनच्या आत फेडलं तर महाराष्ट्रात व्याज पडत नाही, म्हणून मोह होतो. पण ते पैसे खताचे आहेत, आणि खत चुकलं की जानेवारीचा ऊसच हलका भरतो. मी ते सुचवणार नाही.

महत्त्वाचं काम जानेवारीत आहे. उसाचं बिल आलं की २५ हजारांचा हप्ता भर, आणि त्याच आठवड्यात पुढच्या ऑगस्टचे ३० हजार बाजूला काढून सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाक. तेव्हा घरात पैसा दिसत असतो, ट्रॅक्टरचा हप्ता असतो, कुणाचं लग्न असतं, आणि ऑगस्ट फार लांब वाटतो. तरी टाक. कारण ही सहा महिन्यांची फट एकदाच बुजवायची असते. तिसऱ्या वर्षाची फी तू ऑगस्टमध्ये आधीच्या उसातून भरशील.

ही फट या वर्षी अजिबात बुजत नसेल तर शैक्षणिक कर्ज हा सरळ मार्ग आहे आणि तो दुसऱ्या वर्षीही मिळतो. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात, हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची २०२४ ची योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. तुझं कॉलेज त्या यादीत आहे का ते पोर्टलवर बघ. असेल तर उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे. मात्र बँक वेळ खाते. माझ्या अनुभवात तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत. म्हणून जूनमध्ये अर्ज, आणि बँकेची पोच लेखा विभागात. ती पोचही शेऱ्याच्या रकान्यात चालते.

एक राहिलंच. तीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. तू घरापासून लांब वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहत असशील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाडीबीटीवरच आहे. अल्पभूधारक दाखला तहसीलमधून मिळतो. ईबीसी भरणारी निम्मी मुलं हा दुसरा अर्ज भरतच नाहीत. 'कमवा आणि शिका'त काम मिळालं तर जरूर कर, पण त्यातून मेसचे पैसे सुटतात, फी सुटत नाही.

आता ॲप. नको. हिशेब कर. ५० हजारांवर महिना ३ टक्के धरलं तर पाच महिन्यांचं व्याज साडेसात हजार, वर प्रक्रिया शुल्क. तुझा दंड १,८०० होता. आणि खरी अडचण व्याजाचीही नाही. ॲपचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये येतो. तुझा ऊस तेव्हा उभा असतो. म्हणजे जी अडचण कॉलेजसमोर होती तीच आता वसुलीवाल्यासमोर, आणि त्याला अर्ज देता येत नाही. कॉलेजच्या आवारात 'शून्य व्याजात हप्ते' म्हणून टेबल टाकून बसतात, तेही कर्जच असतं. कॉलेजला पैसे एकदम मिळतात आणि तुम्ही वित्त कंपनीचे देणेकरी होता. एक हप्ता चुकला की वडिलांच्या सिबिलवर डाग पडतो, आणि पुढचं पीककर्ज अडतं.

पैसे भरताना शेवटच्या रात्रीची वाट बघू नकोस. खात्यातून रक्कम गेली आणि पावती आली नाही, तर घाबरून दुसऱ्यांदा भरू नकोस. यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेव, सकाळी लेखा विभागाला दे. यूपीआयची अडकलेली रक्कम पाच दिवसांत परत येणं अपेक्षित असतं. स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे, पावतीवर पावती क्रमांक असतो.

आणि ते मागचे १,८०० अजून भरायचे राहिले असतील, तर ते माफ व्हावेत म्हणून वेगळा अर्ज दे, हप्त्यांच्या अर्जात घुसडू नकोस. माफ झाले नाहीत तर जुलैत ते आधी वेगळे भरून टाक. नाहीतर तुझ्या १५ हजारांतून लेखा विभाग जुनी बाकी आधी वळती करेल, जमेच्या रकान्यात १३,२०० दिसतील, आणि तू लिहून दिलेला पहिलाच हप्ता अपुरा ठरेल.